वरकसावर फळबाग: ठाकर-कातकरी घरांनी बागायतदार व्हायचं तर

मे महिन्यात ठाणे स्टेशनाबाहेर पडलं की भिंतीच्या कडेला आमच्या बाया बसलेल्या दिसतात. पळसाच्या पानावर करवंदाचे वाटे, टोपलीत जांभळं, एखादीकडे रायवळ आंबे. पहाटेच्या गाडीने कसाऱ्याहून, आसनगावहून आलेल्या असतात. त्याच दिवशी तुर्भ्याच्या फळबाजारात केसरच्या पेट्या गाळ्यागाळ्यांत छातीएवढ्या रचलेल्या असतात. त्यातला काही माल मुरबाड-शहापूरच्या बागांमधला असतो आणि तो झाडावरून उतरवलेला असतो आमच्याच भावांनी, रोजावर. बाग शहरातल्या माणसाची, राखणीला कातकरी कुटुंब, मोसमाला ठाकर गडी. विक्रीच्या पट्टीवर, म्हणजे गाळ्यावरून मिळणाऱ्या हिशेबाच्या पावतीवर, आमचं नाव कुठेच नसतं.

मी मुरबाड तालुक्यातली, टोकावड्याच्या पुढच्या एका ठाकरपाड्यावरची. शेतीची पदविका केली, आता कळव्यात राहते आणि एका रोपवाटिकेत नोकरी करते. नऊ वर्षांपूर्वी वडिलांच्या वरकसावर, म्हणजे उताराच्या मुरमाड जमिनीवर, पहिली ६० कलमं लावली. नंतर आमच्या पाड्यावरची आणि शेजारच्या कातकरवाडीतली मिळून २१ घरं या कामात आली. त्यातल्या सहा बागा गेल्या. तीन पाण्यावाचून, दोन वणव्यात, एक मोकाट गुरांनी. उरलेल्या १५ उभ्या आहेत. आपल्या पाड्यावर हे करू बघणाऱ्या मुलामुलींसाठी, आणि ठाण्या-नव्या मुंबईत राहून मदत करायची इच्छा असलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी कागद

कलमं आणायच्या आधी कागद बघा. आमच्याकडे बहुतेक सातबारे सामाईक असतात. आजोबांच्या नावाखाली चार भाऊ, तीन बहिणी, त्यातले दोघे वारलेले, वारसनोंद झालेली नाही. फळबाग लागवडीच्या सरकारी योजनेचा अर्ज करायला बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. हे काम पावसाळ्यात करू नका, तेव्हा सगळे आवणीत, म्हणजे भातलावणीत असतात. दिवाळीला पाहुणे घरी येतात, तेव्हा सह्या-अंगठे घ्या आणि वारसनोंदीचा अर्ज त्याच आठवड्यात तलाठ्याकडे द्या. सातबाऱ्यावर घरच्या बाईचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय लक्ष्मी मुक्ती योजनेत आहे. तेही त्याच फेरीत करून घ्या. बागेला पाणी बाई घालते, तिचं नाव कागदावर हवं.

कातकरी घरांचं दुखणं वेगळं. पुष्कळांच्या घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. त्यांच्यासाठी वाट वनपट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत, कुटुंबाच्या नावावर होते. दावा गावच्या वनहक्क समितीकडे करायचा. एका पुराव्यावर भागत नाही, दोन तरी जोडा. गावातल्या वयस्क माणसाचा लेखी जबाबही पुरावा धरला जातो, हे अनेकांना ठाऊक नसतं. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने निघतो, वारसाला जातो, विकता येत नाही. विकता येत नाही याची काहींना खंत वाटते. मला त्यात आधार वाटतो. आमच्या भागात दारू आणि उचल (मजुरीपोटी आगाऊ घेतलेले पैसे) यांच्या नादाने किती जमिनी गेल्या ते मी पाहिलं आहे.

बाकी कागद म्हणजे जातीचा दाखला, रोजगार हमीचं जॉब कार्ड, आधार जोडलेलं बँक पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक. एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवी रेशनकार्डाच्या जागी ठेवा. म्हणजे घर गळलं तरी ती आधी उचलली जाते.

पैसा कुठून येईल? रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड महाराष्ट्रात १९९० पासून आहे. तिच्यात खड्डे, लागवड, पाणी आणि राखण यांची मजुरी त्याच घराला तीन वर्षं मिळते आणि वनपट्टाधारकही बसतात. जे तिच्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी २०१८ पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय मागून घ्या आणि कृषी सहाय्यकासमोर बसून वाचा. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे, तिथे विहीर आणि पंपाच्या योजनांची चौकशी करा. पुढच्या वर्षाचा पैसा किती झाडं जगली यावर ठरतो. आम्हाला लागलेला निकष कोरडवाहू झाडांना ७५ टक्के, बागायतीला ९० टक्के होता. लागवड झाली की ई-पीक पाहणीत झाडांची नोंद करा. नोंद नसेल तर वादळाने झाडं पडल्यावर पंचनाम्यात काय लिहायचं, हा प्रश्न उभा राहतो.

कुठे, काय, किती

भातखाचर मोडू नका. खाचर म्हणजे वर्षाचं पोट. बाग वरकसावर लावा, जिथे आपण नाचणी-वरई घेतो तिथे. उतार असला, मुरूम असला तरी काजू येतो. आंब्याला थोडी खोल माती बघा.

आम्ही एकरी २० आंबे आणि ४० काजू धरतो. आंबा १० मीटरवर, काजू ७ मीटरवर, हिशेब बरोबर एका एकरात बसतो. गुजरातेत वांसदा भागात बायफ संस्थेने १९८२ पासून आदिवासी कुटुंबांबरोबर जी वाडी, म्हणजे घरची फळबाग, उभी केली, तिचीच ही आमच्या मापाची रीत. एकरापेक्षा जास्त पहिल्या वर्षी लावू नका. दोन एकर लावलेल्या तीन घरांपैकी एकाचीच बाग उरली.

आंब्यात मी केसर सांगते. हापूसचं नाव मोठं आहे, पण आमचा भाग समुद्रापासून आत, उन्हाळा कडक. तापलेल्या जमिनीमुळे हापूसात साका होतो, वरून फळ देखणं आणि कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर. गिऱ्हाईक एकदा फसलं की परत येत नाही. केसरला तो त्रास फारसा नाही. दापोली विद्यापीठाची रत्नासुद्धा चांगली, तिच्यात साका होत नाही. काजूत वेंगुर्ला ४ आणि वेंगुर्ला ७. बांधावर दोन-तीन जांभळाची कलमं लावाच, कोकण बहाडोली मिळाली तर उत्तम. जांभूळ विकणं आमच्या बायांना शिकवावं लागत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये काढून तापू द्या. आंब्याला मीटरभर लांब-रुंद-खोल, काजूला दोन फूट पुरतात. तळाशी पालापाचोळा, मग वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर सुपर फॉस्फेट. जमीन चांगली भिजली की लावणी. कलमाचा जोड जमिनीच्या वर वीतभर राहिला पाहिजे आणि जोडावरची प्लास्टिकची पट्टी नंतर कापून टाकायची. ती राहिली तर खोड वाढताना गळफास बसतो.

एक गोष्ट मला फार महागात पडली म्हणून थांबून सांगते. कलमाच्या जोडाखालून रायवळ, म्हणजे खालच्या गावठी झाडाचे, फुटवे येतात. ते वरच्या फांदीपेक्षा जोमाने वाढतात, हिरवेगार दिसतात, आणि घरच्यांना वाटतं झाड छान चाललंय. माझ्या चुलत्यांनी ते मायेने राखले. चौथ्या वर्षी मी गेले तेव्हा सात झाडांवर केसरची काडी वाळून गेली होती आणि वाढला होता तो खालचा रायवळ. दर महिन्याला प्रत्येक झाडाजवळ उकिडवं बसायचं, जोडावर बोट ठेवायचं, बोटाच्या खाली जे फुटलं असेल ते खुडायचं. हे लहान मुलांनाही जमतं. आमच्या पाड्यावर हे काम आता पोरंच करतात.

दोन उन्हाळे

खरी कसोटी इथे आहे. योजना, भाषणं, फोटो सगळं जूनमधल्या लागवडीभोवती फिरतं. झाड मरतं मार्चमध्ये.

कातकरी कुटुंब दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणच्या वीटभट्ट्यांवर जातं. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि दुखण्यात, गणपतीत, खाण्यात संपलेली असते. परत येतात ते पावसाच्या तोंडावर. कलमाला पाणी लागतं नेमकं जानेवारी ते मे. झाडाला पाणी हवं तेव्हा माणूस भट्टीवर, असा हा पेच आहे. पाण्यावाचून गेलेल्या तिन्ही बागा कातकरवाडीतल्या होत्या. लोकांना आळशी म्हणणारे साहेब मी ऐकले आहेत. भट्टीवर पहाटे तीनला उठून चिखल तुडवणाऱ्या माणसाला आळशी म्हणताना मला राग येतो.

म्हणून पहिलं काम: ऑगस्टमध्ये, भट्टीचा मुकादम उचल द्यायला यायच्या आधी, गटाकडे पैसा हवा. आम्ही बचत गटातून घरटी लहानसं कर्ज देतो, अट एकच, घरातलं एक जाणतं माणूस उन्हाळ्यात पाड्यावर राहील. दुसरं, रोजगार हमीचं पाणी घालायचं मस्टर (हजेरीपट) जानेवारीतच निघावं म्हणून नोव्हेंबरमध्येच ग्रामपंचायतीत लेखी मागणी द्या आणि पोच घ्या. मजुरी उशिरा येते. आमची दोनदा तीन-तीन महिने अडकली. म्हणून गटाच्या पैशाची उशी लागतेच. तिसरं, सावड. जी घरं भट्टीवर जातातच, त्यांच्या झाडांना मागे राहिलेल्यांनी पाणी घालायचं आणि पावसात त्यांनी यांच्या आवणीला यायचं. सावड आपल्या हाडात आहे, ती बागेला लावायची एवढंच.

आता पाण्याचा हिशेब. पहिल्या उन्हाळ्यात कलमाला आठवड्याला ३० लिटर म्हणजे दोन हंडे. ६० झाडांना १२० हंडे. म्हणजे रोज सतरा-अठरा हंडे, डोक्यावरून, तेही जिथे पिण्याच्या पाण्याला टँकर लागतो तिथे. ज्या शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणं आहेत त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बाया झिऱ्यावर रात्र काढतात. तेव्हा प्रत्येक हंडा वाचवला पाहिजे.

आम्ही मडकी पुरतो. सात-आठ लिटरचं, न रंगवलेलं, आठवडी बाजारात मिळतं तसं मडकं घ्यायचं. बुडाला खिळ्याने हळूच भोक पाडायचं, सुती चिंधीची वात ओवायची, आतून गाठ मारायची. खोडापासून हातभर अंतरावर, उताराच्या वरच्या बाजूला पुरायचं. गळा मातीच्या वर ठेवायचा, तोंडावर चपटा दगड. नाहीतर खारी आणि माकडं पाणी पितात. आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं, म्हणजे पाणी निम्म्यावर येतं. आळ्यात वाळलं गवत पसरायचं, वाळवी लागली का ते अधूनमधून उचलून बघायचं. पश्चिमेच्या बाजूला पळसाच्या डहाळ्या रोवून सावली करायची. माझी आते मडक्याजवळची माती चिमटीत धरून दाबते. चिमूट जुळली तर त्या झाडाला आज पाणी नाही, पुढे चला. तिची ६० पैकी ५७ झाडं जगली.

पहिल्या तीन-चार वर्षांत दोन ओळींमध्ये भाजी घ्या. पावसात काकडी, पाणी असेल तर उन्हाळ्यात भेंडी. जव्हार-विक्रमगडकडे आदिवासी घरांनी मोगरा घेतला आणि तो दादरच्या फुलबाजारात जातो. घरात दर आठवड्याला चार पैसे आले तर माणूस भट्टीचा रस्ता धरत नाही.

जानेवारीत बागेभोवतीचं गवत कापून दहा हातांचा जाळपट्टा काढा. वणव्यात गेलेल्या दोन्ही बागांना पट्टा काढला नव्हता. कुंपणाला करवंद, सागरगोटा, घायपात लावा, पण ते दाट व्हायला वेळ लागतो, तोवर काटे रचावे लागतात.

मी दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या शेतकऱ्यांविषयी वाचलं तेव्हा आपलाच पाडा दिसला. तिथे १९१३ च्या कायद्याने देशाच्या सुमारे ७ टक्केच जमीन काळ्या लोकांसाठी ठेवली, आणि लोकसंख्येत तेच बहुसंख्य. १९९४ मध्ये जमीन परत मिळवायचा कायदा झाला. लिंपोपो प्रांतात लेवुबू भागात मॅकाडॅमिया, अ‍ॅव्होकाडो, लिचीच्या चालत्या बागा मूळच्या लोकांकडे आल्या. पण मॅकाडॅमियाला फळ धरायला वर्षानुवर्षं लागतात, झाडांना दरसाल खर्च लागतो, आणि हातात खेळतं भांडवल नसेल, खरेदीदाराशी सरळ ओळख नसेल, तर जमीन परत मिळूनही बाग चालवणं कठीण जातं. आमचं वरकस आणि त्यांची बाग यांत फार अंतर आहे, पण जमिनीच्या कागदानंतरची ही मधली वर्षं दोन्हीकडे सारखीच अडतात. मदत करणाऱ्यांनी पैसा इथे घालावा. रोपं वाटणारे खूप आहेत, मार्चमधल्या पाण्याला पैसे देणारे फार थोडे.

मोहोर विकू नका

आंब्याचा मोहोर पहिली तीन वर्षं खुडून टाका, काजूचा दोन वर्षं. जीव तुटतो, पण झाड बांधलं जातं. काजू पाचव्या वर्षापासून हाताला लागतो, आंबा पाचव्या-सहाव्या.

सहाव्या वर्षी आमच्या झाडांना छान मोहोर आला. मी कळव्यात होते. एका व्यापाऱ्याने वडिलांना सहा हजार रुपये रोख दिले आणि २० झाडांचा मोहोर घेतला. भावाची परीक्षा फी होती, वडिलांना ते पैसे देवासारखे वाटले. व्यापाऱ्याने दोन फवारण्या केल्या. मे महिन्यात ७० डझनांहून जास्त आंबा निघाला आणि तो उतरवायला आमचेच दोन भाऊ रोजावर होते. स्वतःच्या बागेत गडी. वडील त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

फेब्रुवारीत घराला पैसा लागतो, म्हणून मोहोर विकला जातो. तेव्हा त्या महिन्याची सोय आधी करा. भाताची सुगी झाली की आम्ही घरटी ५०० रुपये वेगळे काढतो, त्याला मोहोराचा पैसा म्हणतो. अडलेल्या घराला त्यातून देतो, आंबा विकला की परत घेतो. फवारणीचं औषध गटाने एकत्र आणायचं. तुडतुडे आणि भुरीसाठी मोहोर फुटतानाच लक्ष ठेवायचं, फळमाशीसाठी रक्षक सापळे टांगायचे. पाठीवरचा पंप १५ घरांत दोनच आहेत आणि पुरतात.

काजूचं थोडक्यात. बी झाडावरून झोडपू नका, पडलेली गोळा करा, बोंड पिळून काढा, दोन-तीन दिवस खणखणीत उन्हात वाळवा. हातात घेऊन वाजवली की खुळखुळली पाहिजे. ओली बी विकली तर व्यापारी वजनात घट धरतो आणि भाव पाडतो. चार किलो बियांतून साधारण किलोभर गर निघतो. फोडायचं असेल तर बी वाफवून, हातकटरवर, बोटांना खोबरेल लावून. टरफलातलं तेल कातडी जाळतं. आम्ही १५ घरांची दीड टन बी एकत्र वाळवून विकतो. फोडायचं यंत्र यंदा घ्यायचा विचार आहे.

तोडणी आणि तुर्भे

आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवा. देठ फळासोबत हवा, म्हणून दापोलीचा नूतन झेला वापरा, त्याला पातं असतं आणि फळ जाळीत पडतं. सकाळी दहाच्या आत तोडणी संपवा, चीक निथळू द्या. मग पेंढ्यात आढी लावा. कार्बाइड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका, त्यावर बंदी आहे आणि लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे. आमचा माल देवगडच्या हापूसनंतर, मेच्या मध्यावर येतो, तेव्हा पावसाकडे डोळे लावून काम करावं लागतं.

तुर्भ्याला पहिल्यांदा जाल तेव्हा माल न घेता जा. पहाटे पोचा, तीन-चार गाळ्यांवर उभे राहा, कुठल्या आकाराला काय भाव फुटतो ते ऐका. पेटीवर स्वतःचं नाव आणि मार्का ठळक लिहा. पट्टी घेतल्याशिवाय गाळा सोडू नका. पट्टीवर माल देणाऱ्याचं नाव, नग किंवा वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं वेगवेगळं लिहिलेलं हवं. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाज्या नियमनमुक्त केल्या, तेव्हापासून आडत, म्हणजे आडत्याची दलाली, खरेदीदाराने द्यायची असते, शेतकऱ्याच्या पैशातून कापायची नसते. कापलेली दिसली तर तिथेच, शांतपणे, बोट ठेवून विचारा. एकट्याने विचारू नका, दोघं-तिघं जा.

आम्ही निम्मा माल तुर्भ्याला आणि निम्मा थेट देतो, कळवा, ऐरोली, घोडबंदरच्या सोसायट्यांमध्ये. व्हॉट्सअ‍ॅपवर मागणी घ्यायची, निम्मे पैसे आधी. सोसायटीवाल्यांना माझी विनंती आहे, ‘आदिवासींना मदत’ असा फलक लावू नका. आंब्याची जात लिहा, वजन लिहा, पाड्याचं नाव लिहा, बागायतदाराचं नाव लिहा. भाव बाजाराचाच द्या. फळ खराब निघालं तर स्पष्ट सांगा, आम्ही बदलून देतो.

आणि पट्टी ज्या घरचा माल त्याच घराच्या नावाने फाडून घ्या, गटाच्या किंवा गाडी आणणाऱ्या पोराच्या नावाने नको. गेल्या मेमध्ये मी आतेला तुर्भ्याला घेऊन गेले. अकरा पेट्या होत्या. गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्या मेहताजीने सवयीने मलाच नाव विचारलं. मी आतेकडे बोट केलं. तिने आधी नवऱ्याचं नाव सांगितलं, मग थांबली आणि स्वतःचं सांगितलं, आडनावासकट. कळव्याला परत येताना गाडीत तिने ती पट्टी दोनदा माझ्याकडून वाचून घेतली. पहिल्यांदा नाव, मग पेट्या, मग हमाली किती कापली ते. हमाली एका पेटीची जास्त धरली होती. पुढच्या खेपेला तिने ती मागून घेतली.